आचाऱ्यानं काय पाहिलं?

चित्रपटाच्या नावात चार माणसं आहेत आणि त्यात पहिला मान आचाऱ्याचा आहे. 'द कुक, द थीफ, हिज वाइफ अँड हर लव्हर'. आचारी, चोर, चोराची बायको आणि त्या बायकोचा प्रियकर! एखाद्या तमाशाच्या फलकावर शोभून दिसावं असं हे लांबलचक नाव. चित्रपट मात्र इंग्लंडचा, १९८९ सालचा, आणि दिग्दर्शक पीटर ग्रीनअवे. लंडनच्या कलाशाळेत चित्रकला शिकलेला आणि पुढे बरीच वर्षं सरकारी माहितीपटांच्या खात्यात फिल्म कापायचं काम केलेला हा माणूस.

या चित्रपटाचा विषय निघाला की लोक दोनच गोष्टी बोलतात. एक, त्यातली नग्नता. आणि दुसरी, त्याचा शेवट. शेवट असा आहे की ज्यानं तो पाहिला त्याला तो दुसऱ्याला सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. मीसुद्धा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हा चित्रपट पाहिला तो असा कुणीतरी शेवट सांगून उत्सुकता चाळवली म्हणूनच. व्हिडिओ कॅसेटवर पाहिला. कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून आणखी एक अशी उतरवत आलेली ती प्रत होती. लाल रंग पसरून शेजारच्या भिंतीवर ओघळलेला, हिरव्याचा चिखल झालेला. ज्या चित्रपटाचा अर्धा जीव रंगांत आहे तो आम्ही असा पाहिला, आणि वर त्याच्यावर रात्री दोनपर्यंत वादही घातला!

पुढे २०२३ च्या सप्टेंबरात मायकेल गॅम्बन गेला. नव्या पिढीला तो हॅरी पॉटरचा डम्बलडोर म्हणून ठाऊक. पांढऱ्या दाढीचा, मायाळू. घरातल्या मुलांना त्याच्या जाण्याचं वाईट वाटलं. मला मात्र डम्बलडोरऐवजी अल्बर्ट स्पिकाच आठवला. या चित्रपटातला तो चोर. म्हणून स्वच्छ प्रत मिळवून पुन्हा पाहायला बसलो. मुलं झोपल्यावर, हे सांगायला हवंच. हा चित्रपट घरात सगळ्यांनी मिळून पाहायचा नाही, आणि जेवणाच्या आगेमागे तर मोठ्यांनीही पाहू नये. तर, या वेळी माझं लक्ष चोराकडे राहिलं नाही, त्याच्या बायकोकडेही राहिलं नाही. सारखं जात राहिलं ते त्या आचाऱ्याकडे. नाव त्याच्यापासून का सुरू होतं, हे तेव्हा कुठे लक्षात आलं.

गोष्ट तशी साधी आहे. 'ल ओलांदे' नावाचं एक फ्रेंच पद्धतीचं बडं हॉटेल. रिचर्ड हा तिथला फ्रेंच मुख्य आचारी. हे काम रिशार बोरिंजे या फ्रेंच नटानं केलं आहे. हॉटेलवर आता सत्ता आहे ती अल्बर्टची. अल्बर्ट गुंड आहे. खंडणी, मारहाण, दहशत हा त्याचा धंदा. रोज रात्री तो आपल्या टोळक्याला आणि बायकोला, जॉर्जिनाला, घेऊन येतो, मधल्या मोठ्या टेबलावर बसतो आणि बोलू लागतो. तो थांबतच नाही. खाणं, पैसा, बायका, शरीरधर्म, शिष्टाचार, सगळ्यावर त्याचं मत आहे. फ्रेंच पदार्थांची नावं तो चुकीची उच्चारतो, बायको शांतपणे दुरुस्त करते, आणि ती दुरुस्ती त्याला जिव्हारी लागते. टेबलावर कसं बसावं याचे धडे तो आपल्या माणसांना देतो आणि देता देता कुणाच्या तरी ताटात हात घालतो, कुणाला तरी थोबाडीत मारतो.

आपल्याला हसू येतं. येतंच. गॅम्बननं हा माणूस असा उभा केला आहे की त्याची खाण्यातली रसिकता, त्याचं नवं श्रीमंतपण, आपण फार सुसंस्कृत आहोत हा त्याचा ठाम समज, यांना हसल्यावाचून राहवत नाही. पाच मिनिटांनी त्याच माणसाचा हात कुणाच्या तरी अंगावर पडतो आणि आपलं हसू घशात अडकतं. ब्लॅक कॉमेडी म्हणजे नुसता क्रूर विनोद नव्हे. आपण कशाला हसलो, याची थोड्या वेळानं आपल्यालाच लाज वाटायला लावणारा विनोद, असं मी तिला समजतो. इंग्लंडमध्ये हा चित्रपट आला तेव्हा मार्गारेट थॅचर सत्तेवर येऊन दहा वर्षं झाली होती. पैसा हाच मोठेपणा मानणाऱ्या त्या काळावरची ही टीका आहे, असं तेव्हापासून समीक्षक सांगत आले आहेत. ते खरंच आहे. पण असे अल्बर्ट ओळखायला आपल्याला थॅचरबाईंची गरज नाही. लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याच्या अंगावर ओरडणारा, वाढप्याला सगळ्यांदेखत अपमानित करणारा, आणि मग ढेकर देऊन 'जेवण झकास होतं हो' म्हणणारा पाहुणा आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे.

त्या हॉटेलात आणखी माणसं जेवत असतात, हे विसरायला नको. अल्बर्ट कुणाच्या डोक्यावर सूप ओततो, कुणाला टेबलावरून उठवतो, तरी बाकीची टेबलं भरलेलीच. कारण जेवण उत्तम आहे! मधल्या टेबलामागच्या भिंतीवर एक प्रचंड चित्र टांगलेलं आहे. फ्रान्स हाल्स या डच चित्रकाराचं हे १६१६ सालचं चित्र. हार्लेम शहराच्या नागरी सेनेचे अधिकारी मेजवानीला बसले आहेत, खांद्यावरून रुंद रेशमी पट्टे, चेहऱ्यावर तृप्ती. अल्बर्टच्या टोळक्याचे कपडे नेमके त्याच घाटाचे आहेत. हे कपडे केले जाँ-पॉल गोतिए या पॅरिसच्या प्रसिद्ध वेशभूषाकारानं. जेवणारे गुंड खाली, जेवणारे प्रतिष्ठित वर. ग्रीनअवे यावर एक शब्दही बोलत नाही.

आता भटारखान्यात चलू. हॉटेलच्या दर्शनी भागात बसणाऱ्याला भटारखाना कधी दिसत नाही. भटारखान्याला मात्र तो बरोबर दिसत असतो. माझ्या विद्यार्थिदशेत चार वर्षं मी खानावळीत जेवलो. तिथल्या आचाऱ्याला कुणाची मनीऑर्डर उशिरा आली आहे, कोण भाकरी मोजून खातो आहे, कुणाचं प्रेमप्रकरण फिसकटलं आहे, हे सगळं ताटात उरलेल्या अन्नावरून कळायचं. तो बोलायचा नाही. कधी न मागता वाटीत भाजी जास्त पडायची, एवढंच. अशा माणसांकडे गावाची निम्मी गुपितं असतात आणि त्यांना कुणी काही विचारत नाही.

'ल ओलांदे'चा भटारखाना एखाद्या चर्चएवढा उंच आणि अवाढव्य आहे. सगळीकडे हिरवा उजेड. पक्ष्यांची पिसं काढली जात आहेत, कढयांतून वाफा निघत आहेत, आणि एका कोपऱ्यात पप नावाचा, पांढुरक्या केसांचा पोऱ्या भांडी घासत उंच कोवळ्या आवाजात बायबलातलं एक पश्चात्तापाचं स्तोत्र गातो आहे. संगीत मायकेल नायमनचं. त्यातला मुख्य तुकडा, सतत पुढे सरकत राहणारा, एखाद्या मिरवणुकीसारखा, त्यानं मुळात १९८५ साली ब्रुसेल्सच्या हायझेल स्टेडियममध्ये चेंगरून मेलेल्या ३९ प्रेक्षकांच्या स्मरणार्थ रचला होता. ही गोष्ट ठाऊक नसतानाही तो तुकडा ऐकताना काहीतरी अंत्ययात्रेसारखं चाललं आहे असं वाटत राहतं.

एका टेबलावर एक माणूस रोज एकटा येऊन बसतो. ताटाशेजारी पुस्तक उघडं ठेवून वाचत जेवतो. हा मायकेल, पुस्तकांच्या व्यवसायातला. अल्बर्टच्या कोलाहलातून जॉर्जिनाची नजर त्याच्या नजरेला मिळते. ती उठते, तोही उठतो. पुढे बराच वेळ दोघांत एक शब्दही बोलला जात नाही. गंमत म्हणजे मायकेल पहिल्यांदा तोंड उघडतो ते अल्बर्टच्याच टेबलावर. अल्बर्ट त्याला ओढून आणून बायकोशी ओळख करून देतो! तेव्हा मायकेल एका चित्रपटाची आठवण सांगतो. त्यातला नायक पहिला अर्धा तास बोललाच नव्हता, आणि बोलला तेव्हा त्याच्यातलं आपलं स्वारस्यच संपलं. हॉटेलातलं टेबल, समोर खुनशी नवरा, शेजारी प्रेयसी, आणि हा गृहस्थ हा विनोद करतो. जॉर्जिना झालेल्या हेलन मिरेनचा त्या क्षणीचा चेहरा पाहावा. हसू ओठांवर येतं आणि तिथंच अडवलं जातं.

हे दोघं भेटतात कुठे? सुरुवातीला प्रसाधनगृहात. तिथं अल्बर्ट शोधत येतो. मग आचारी एक दार उघडतो. कोठीची खोली, पक्षी टांगलेली खोली, पावाची खोली, शीतगृह. रोज वेगळी जागा. रिचर्ड काही विचारत नाही, बदल्यात काही मागत नाही, उपदेश करत नाही. बाहेर अल्बर्टसाठी वाढप चालू, आत अल्बर्टच्या बायकोसाठी पहारा चालू, आणि दोन्ही कामं एकच माणूस एकाच गतीनं करतो आहे. भटारखान्यातल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. पोऱ्याला ठाऊक आहे, पिसं काढणाऱ्याला ठाऊक आहे. आणि एकही जण फुटत नाही. या चित्रपटात प्रेम दोघांचं असलं तरी ते चालवतं अख्खं भटारखाना.

इथं रंगांविषयी सांगायला हवं. कॅसेटवर मी नेमकं हेच गमावलं होतं. हॉटेलबाहेरचा वाहनतळ निळा आहे, भटारखाना हिरवा, जेवणाचं दालन लालभडक आणि प्रसाधनगृह पांढरंशुभ्र. कॅमेरा साशा व्हिएर्नीचा. तो एका खोलीतून दुसऱ्या खोलीत आडवा सरकत जातो, भिंतींतून आरपार गेल्यासारखा. 'तो मी नव्हेच'चा फिरता रंगमंच ज्यांनी पाहिला आहे त्यांना एक दृश्य विझत दुसरं समोर येण्यातली गंमत सांगायला नको. पण इथं आणखी एक चमत्कार आहे. जॉर्जिना लाल दालनातून पांढऱ्या खोलीत शिरते तेव्हा तिचा लाल पोशाख पांढरा झालेला असतो. पोशाख तोच, रंग फक्त जागेचा. नवऱ्याच्या दालनात ती त्याच्या रंगाची असते.

रंग बदलला तरी अर्थ बदलत नाही, हे मराठी प्रेक्षकाला नवं नाही. १९७० साली तेंडुलकरांच्या 'गिधाडे' नाटकातल्या माणिकच्या लुगड्यावरचा लाल डाग परीनिरीक्षण मंडळाला खुपला. मग डाग निळा केला गेला आणि तो लाल समजावा अशी सूचना प्रेक्षकांना देण्यात आली. लोकांना त्या निळ्यात लाल अधिकच लाल दिसला असणार! ग्रीनअवेच्या चित्रपटालाही अमेरिकेत असंच सामोरं जावं लागलं. तिथल्या परीक्षक मंडळानं त्याला 'एक्स' दर्जा दिला, म्हणजे अश्लील चित्रफितींच्या पंगतीत बसवलं. वितरकानं तो दर्जा नाकारला आणि १९९० साली कुठलंच प्रमाणपत्र न घेता चित्रपट लावला. त्या वर्षीच्या अशा दोन-चार भांडणांनंतर 'एक्स' हा दर्जाच गेला आणि प्रौढांच्या गंभीर चित्रपटांसाठी नवा दर्जा आला.

पुन्हा गोष्टीकडे. बिंग फुटतं. भटारखान्यातलं कुणी नव्हे, टोळक्यातल्या एकाची मैत्रीण बोलून जाते, आणि बातमी आणल्याचं बक्षीस म्हणून अल्बर्ट तिच्या गालात काटा खुपसतो. मग तो सुऱ्या, कढया, टेबलं उधळत सुटतो आणि ओरडत राहतो, की मी त्याला शोधीन, त्याला मारीन, आणि खाईन! हे वाक्य लक्षात ठेवा. हा माणूस इतकं बोलतो की त्याचं एखादं वाक्य कुणीतरी गंभीरपणे घेईल, असं त्याच्या स्वप्नातही येत नाही.

प्रेमिकांना पळवतो तो आचारीच. बाहेर वाहनतळावर मांसानं भरलेली एक गाडी अनेक दिवस सडत उभी आहे. अल्बर्टनंच आणलेला तो माल. त्या गाडीत, किड्यांत आणि घाणीत, दोघांना नग्न अवस्थेत कोंबून तो रवाना करतो. पलीकडे मायकेलच्या पुस्तकांच्या गोदामात पाण्याच्या झोतानं ती दोघं धुतली जातात. चित्रपटातल्या नग्नतेविषयी ज्यांनी नाकं मुरडली त्यांनी हा प्रसंग डोळे उघडे ठेवून पाहिला असता तर बरं झालं असतं. इतकी निरिच्छ करणारी नग्नता मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

गोदामात जेवण कोण पोचवणार? पप. आचारी टोपली भरतो आणि पोऱ्या ती घेऊन निघतो. आपल्याकडच्या कुठल्याही हॉटेलात हेच होतं. वरच्या मजल्यावर, शेजारच्या कचेरीत, पावसात, उन्हात चहाची किटली घेऊन जाणारा पोऱ्याच असतो. अल्बर्टच्या हाती तोच सापडतो. त्याचे जे हाल होतात ते मी इथं लिहीत नाही. तो मरत नाही, पण गाणं थांबतं. टोपलीतल्या पुस्तकांवर गोदामाचा पत्ता असतो, आणि अल्बर्टला तो मिळतो. जॉर्जिना इस्पितळात पोराला पाहायला जाते आणि तेवढ्यात इकडे मायकेलला संपवलं जातं. फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या त्याच्या आवडत्या पुस्तकाची पानं एक एक करून त्याच्या घशात कोंबली जातात.

मोठ्यांच्या प्रेमाची आणि मोठ्यांच्या वैराची पहिली किंमत भांडी घासणाऱ्या पोरानं चुकवली, हे चित्रपट कुठं ओरडून सांगत नाही. पण यानंतरचा रिचर्ड पूर्वीचा राहत नाही. आतापर्यंत तो एका कसरतीत यशस्वी होता. चोराला जेवू घालायचं आणि चोराच्या बायकोला लपवायचं. 'मी माझं काम करतो' असं म्हणणाऱ्या माणसाला अशी कसरत बराच काळ जमते. पण टोपली भरली ती त्यानंच, आणि पोराच्या हाती दिली तीही त्यानंच.

आणि मग येतो तो प्रसंग, ज्यासाठी मी हा चित्रपट पुन्हा पाहिला असं आता म्हणतो. जॉर्जिना रिचर्डकडे येते. दोघं बोलतात. आधी स्वयंपाकावर! ती विचारते, पदार्थांच्या किमती ठरवतोस कशा? तो सांगतो की काळ्या रंगाच्या पदार्थाला मी जास्त पैसे लावतो. काळी द्राक्षं, ऑलिव्ह, काळी अळंबी, माशांची अंडी. लोकांना मृत्यूची आठवण जवळ बाळगायला आवडते, आणि काळं खाणं म्हणजे मृत्यूलाच खाऊन टाकल्यासारखं वाटतं. माणसाच्या मिजाशीचेही मी पैसे लावतो, असंही तो म्हणतो. एका व्यावसायिकानं दुसऱ्या जाणकाराला धंद्यातली गोम सांगावी, तसं. त्याच्या बोलण्यात कडवटपणा नाही. इतकी वर्षं भटारखान्याच्या दारातून माणसं पाहिल्यावर हिशेब एवढाच उरतो.

मग ती विचारते, आमच्यात तू काय पाहिलंस?

तो संकोचतो. ती सोडत नाही. कारण तिचा प्रश्न खरोखरच बिकट आहे. मायकेल गेला. त्यानं आपल्यावर प्रेम केलं हे तिला ठाऊक आहे, पण ते ठाऊक असणारी आता ती एकटीच उरली. कुणी पाहिलंच नसेल तर ते घडलं हे कशावरून? नवऱ्याच्या टेबलावर वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या बाईला आपल्या सुखावरही साक्षीदार हवा आहे. आणि साक्षीदार एकच, आचारी. तो सांगू लागतो. जे पाहिलं ते, साध्या वाक्यांत, जसं पाहिलं तसं. ती विचारते, प्रेमिक नेहमी असंच वागतात का? तो म्हणतो, माझे आईवडील असे वागत. चित्रपटांतले प्रेमिकही कधी कधी असे वागतात. त्यावर ती म्हणते, ते धरायचं नाही! या जागी मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. कॅसेटवर पाहिला तेव्हा हा प्रसंग मला लांबलेला वाटला होता. तेव्हा मी तिशीच्या आत होतो, आणि आम्ही सगळे शेवटाची वाट पाहत होतो.

यानंतर जॉर्जिना त्याच्याकडे ती मागणी करते. मायकेलला शिजव. रिचर्ड नाही म्हणतो. त्याला वाटतं, प्रेमापोटी तिलाच खायचं आहे. असं वेडं दुःख त्यानं समजून घेतलं असतं, पण हातून होणार नाही. चोराच्या सगळ्या फर्माइशी पुरवणारा हा माणूस इथं पहिल्यांदा नकार देतो, आणि तोही त्याला सगळ्यात प्रिय असलेल्या गिऱ्हाइकाला. मग ती सांगते की खायचं आहे ते अल्बर्टनं. आपला शब्द त्यानं पाळायचा आहे.

इथं कुठल्याही मराठी माणसाला चांगुणा आठवणारच. शिवलीलामृतातली कथा. श्रियाळ राजाच्या दारी अतिथी येतो आणि त्याला हवं असतं ते त्यांच्याच पोराचं, चिलया बाळाचं मांस. पाठशाळेतून आलेल्या लेकाला ती रांधते, पाहायला म्हणून लपवून ठेवलेलं त्याचं मस्तक उखळात कांडते, आणि अट अशी की डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही. लहानपणी ही कथा ऐकताना आम्ही मुलं गप्प होत असू आणि मोठी माणसं पदरानं डोळे पुसत असत. पण तिथं अतिथी म्हणजे देव होता. पहिला घास घेण्याआधी त्यानं पोराला हाक मारायला लावली आणि पोर धावत आलं. परीक्षा पाहणाऱ्यानं परीक्षा संपवली. 'ल ओलांदे'च्या टेबलावर बसलेला देव नाही आणि हाक मारून उठणारं कुणी नाही. चांगुणेनं अतिथीधर्मासाठी जे केलं ते जॉर्जिना अतिथीधर्म मोडणाऱ्यासाठी करते. युरोपातही या गोष्टीचं मूळ जुनं आहे. ग्रीक पुराणांत आहे, शेक्सपिअरच्या 'टायटस अँड्रॉनिकस'मध्ये आहे. सतराव्या शतकातल्या इंग्रजी सूडनाट्यांचा ग्रीनअवेवर प्रभाव आहेच. तरी त्या साऱ्यांत शिजवणाऱ्याच्या मनात काय चाललं असेल, याकडे कुणी फारसं पाहिलेलं नाही. राजे सूड घेतात, आचारी शिजवतो, एवढंच.

शेवटच्या दृश्यात अल्बर्टला मानानं बोलावलं जातं. दालन रिकामं, टेबल त्याच्या एकट्यासाठी मांडलेलं. दार उघडतं आणि नायमनचं ते संगीत सुरू होतं. पुढे काळ्या पोशाखात जॉर्जिना. तिच्यामागे, खांद्यावर झाकलेलं प्रचंड ताट घेतलेली माणसं. आचारी आहे, भटारखान्यातली मंडळी आहेत, आणि अल्बर्टनं आजवर ज्यांना ज्यांना मारलं, नागवलं, घाणीत लोळवलं ती माणसं आहेत. घाईगडबड नाही, आरडाओरडा नाही. नेहमीच्या वाढपाइतक्याच शिस्तीत ते ताट टेबलावर ठेवलं जातं. आवरण दूर होतं. सगळा चित्रपटभर अखंड बोलणाऱ्या अल्बर्टला शब्द सुचत नाही. जॉर्जिनाच्या हातात पिस्तूल आहे आणि ती त्याला जेवायला सांगते. भीतीनं तो ओकतो, मग एक घास तोंडात घालतो. गोळी सुटते. जॉर्जिना एकच शब्द उच्चारते, नरभक्षक, आणि नाटकातला असतो तसा लाल पडदा पडतो.

मी ते दृश्य थांबवून पुन्हा मागे नेलं, ते रिचर्डकडे पाहण्यासाठी. सगळे अल्बर्टकडे बघत असतात. तो मात्र ताट नीट मांडलं गेलं आहे की नाही, ते बघत असल्यासारखा उभा आहे.